ऐकणाऱ्यांची वर्गणी

अक्षर वाकडंतिकडं आहे, चुकाही असतील. चौथीनंतर लेखणी हातात आली ती मासिकाच्या वेष्टणांवर पत्ते लिहायलाच. कुणाच्या हाती हे लागलंच तर सांभाळून घ्यावं.

दुष्काळात आम्ही लोह्याजवळच्या वस्तीत होतो. आम्ही बाया खडी फोडायचो, आणि आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्याच साली मासिक काढलं. वर्षाची वर्गणी एकटीला परवडणारी नव्हती. म्हणून बायांनी मजुरीतून चार-चार आणे काढले आणि सगळ्या वस्तीत मिळून एकच वर्गणी भरली. नाव लावलं शाळेतल्या मास्तरांचं, कारण वाचून दाखवणारे तेच. संध्याकाळी विहारापुढं सगळे ऐकायला बसायचे.

दोनच अंक निघाले. कागद महागला, छापखान्यानं उधारी बंद केली. बाया खडी फोडताना मला विचारायच्या, "काय गं, त्या गोष्टीतल्या पोरीचं पुढं काय झालं?" गोष्ट मालकांनीच लिहिलेली. त्यांना वस्तीत मान वर करवेना. एका पहाटे आम्ही लातूरला निघून आलो.

इथं ते छापखान्यात लागले. खोली स्टँडामागंच होती. लोह्याची गाडी लागली की हे उठून दार लोटायचे. गाडी हलेपर्यंत खोलीत येरझाऱ्या. गावाकडं लग्नाला गेले नाहीत, मयतीलाही नाही.

"एकदा जाऊन तर या," मी म्हणायची.

"कोणत्या तोंडानं?"

पुढं लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, छपाईची कामं वाढली, हातात पैसा खेळू लागला. मालकांनी मास्तरांचा नवा पत्ता काढून वर्गणीची मनिऑर्डर केली. पोच आली तसं म्हणाले, "फिटलं." त्या दिवशी दार उघडं राहिलं.

त्याच उघड्या दारातून पुढं एकदा वस्तीतली त्यांची चुलती आली. दवाखान्यासाठी लातूरला आली होती. मनिऑर्डरीचं ऐकून तिनं चहाची बशी खाली ठेवली.

"मास्तर तर कवाच बदलून गेले. का रं बाबा, वाचणाऱ्याचे फेडलेस, अन् ऐकणाऱ्यायचे कोण देणार?"

मालक पुन्हा येरझाऱ्या घालू लागले. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना गाडीत बसवलं. वस्तीत पोचल्यावर ते विहाराच्या पायरीवरच थांबले. मला चारचौघांत बोलता येत नाही, तरी घरोघर जाऊन चार आण्यांच्या जागी रुपया मीच हातावर ठेवला. एक म्हातारी तेवढी घेईना.

"पैसे ऱ्हाऊ दे. त्या पोरीचं काय झालं ते सांगायला लाव त्याला."

हळूहळू सगळे विहारापुढं जमले. मालकांनी मान खाली घालूनच सुरुवात केली, आणि गोष्ट शेवटापर्यंत सांगितली.

"लई लांबवलंस बाबा," म्हातारी म्हणाली. मग माझ्या हातातला रुपया घेऊन तिनं कनवटीला लावला. तो शेवटचा होता.