कोणाचं हाड

माझ्या उजव्या नडगीत दुसऱ्या कोणाचं तरी हाड आहे. चारकोपला स्कूटरवरून पडले, नडगी मोडली, आणि पट्टी-स्क्रू घालूनही ती जुळेना. शेवटी डॉक्टरांनी मधल्या फटीत हाडपेढीतलं हाड भरलं. कुणा म्हाताऱ्या माणसाचा झिजलेला खुबा बदलताना काढलेलं, त्याला विचारून ठेवलेलं, तपासून शुद्ध केलेलं. म्हणजे तो माणूस जिवंत असेल, आणि बहुधा माझ्यापेक्षा बरा चालत असेल.

तेव्हापासून माझा दिवस पायापासून सुरू होतो. आधी ताप बघायचा, मग व्रणावर हात फिरवून तो गरम लागतोय का ते बघायचं. मग वजनकाट्यावर तेवढाच पाय ठेवून दाबायचं, कारण किती भार टाकायचा ते ठरवून दिलंय आणि अंदाजाने मी नेहमी जास्तच टाकते. वॉकर धरून मला वाकून आकडा बघता येत नाही, म्हणून सकाळची बुद्धवंदना आटोपून आई काट्यापाशी उभी राहते आणि "बास, बास" म्हणते. खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा वीट आलाय. आजारी पडलं की लोक विचारपूस करतात. बरं होणं फार लांबलं की तेही कंटाळतात.

मला मात्र कंटाळून चालत नाही. आईचाही खुबा झिजलाय. तिचं ऑपरेशन ठरलं होतं, मी पडले म्हणून तिनं ते पुढे ढकललं. घरात आम्ही दोघीच. दोघी एकदम आडव्या झालो तर पाणी कोण देणार, असं ती म्हणते, आणि ते खरंच आहे. ती भिंत धरून चालते, मी वॉकर धरून. स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर आलो की कुणी मागे सरायचं यावर आमची रोज एक छोटी कुरबुर होते.

मध्यंतरी समोरच्या काकू वाटीभर आमटी घेऊन आल्या. बाई प्रेमळ, पण जिभेला हाड नाही. कोणाचं हाड आहे ते विचारलंत तरी का, म्हणाल्या, कोणाचंही कसं घालून घेतलंत. त्यांच्याकडे सोयरीक जमवताना हाड बघतात, म्हणजे कूळ बघतात, हे मला ठाऊक आहे. पूर्वीची मी असते तर वाजलंच असतं. त्या दिवशी एवढंच म्हणाले, त्याच्यावर लेबल नव्हतं काकू. आईनं वाटी धुतली, रिकामी देऊ नये म्हणून त्यात साखर घातली आणि त्यांच्या हातात ठेवली.

मला काळजी उलटी होती. त्या हाडाला मी पसंत पडतेय की नाही, याची.

गेल्या आठवड्यात अंधेरीला एक्स-रे दाखवायला गेलो. भरलेलं हाड धरलं की त्याच्या कडेची रेघ पुसट होत जाते. वरची रेघ गेली होती. खालची तशीच होती. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन महिने बघू, नाहीतर पुन्हा उघडून भर घालावी लागेल. मी मान हलवली. माझे तीन महिने म्हणजे आईचेही तीन महिने.

बाहेर बाकावर बसलेल्या आईला सगळं सांगितलं. खोटं बोलून उपयोग नव्हता, तिला माझा चेहरा वाचता येतो. मला रडू आलं आणि मी तिच्यावरच चिडले, की तू तुझं ऑपरेशन करून घे, माझी वाट बघत बसू नकोस. तिनं आपल्या दुखऱ्या खुब्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचा काढलेला खुबा चालला ना तुला?"

मी हो म्हटलं.

"मग माझाबी काढणारच हायत की. आत जाऊन विचार त्यांना, माझा चालंल का."