मामाचं ‘जातो’

आपल्याकडं घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. माझा मामा मुद्दाम ‘जातो’ म्हणायचा. निमगाव साव्याहून कांद्याचा ट्रक भरून माळशेज घाटानं कल्याणला निघाला, की खिडकीतून डोकं काढून आख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ओरडायचा, “जातो गं!”

मामी हातातलं टाकून धावायची. “उतरा खाली. बसा. पानी प्या. अन् येतो म्हना.”

“अगं, आपन बुद्धाची लेकरं. शकुन-अपशकुन कशाला मानती?”

“मी कुटं मानती? तुमी येतो म्हना.”

मग मामा उतरायचा, ओट्यावर बसून तांब्याभर पाणी सावकाश प्यायचा आणि मला डोळा मारायचा. त्याला ती पाच मिनिटंच हवी असायची, असं मला आता वाटतं.

पुढं तो कुवेतला टँकर चालवायला गेला. टँकर पाण्याचा आहे, असं त्यानं घरी सांगितलं. तिकडं आपल्यापेक्षा लई टंचाई हाय, असं मामी गावभर सांगत सुटली. उन्हाळाभर टँकरच्या पाण्यावर जगणारे पठारावरचे पाहुणे म्हणाले, “मग येवढ्या लांब कशाला धाडलं? आमच्याकडं धाडायचं व्हतं की!”

मला मात्र त्यानं फोनवर खरं सांगून टाकलं. टँकर डिझेलचा होता. शेजारच्या इराकात लढाई चालू होती आणि तिथल्या फौजेला तो डिझेल पोचवत होता. “पुढं मिल्ट्री, मागं मिल्ट्री, मदी आमची रांग. आळेफाट्याला कांद्याच्या गाड्या लागत्यात ना, तसंच. मामीला बोललास तर कान उपटीन.” मी हसलो आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

फोन ठेवतानाही त्याचं ‘जातो’ चालूच होतं. मामी इथून दम भरायची, मगच स्वारी ‘येतो’वर यायची.

एकदा त्यानं पहिल्याच फटक्यात “येतो गं” म्हटलं आणि फोन ठेवला. मामी रिसीव्हर धरून तशीच उभी. “यांना काय झालंय रं? नीट बोलले.”

“सुधारला असंल मामा,” मी म्हणालो. ती हसली नाही.

चार दिवसांनी कंपनीतून फोन आला. वाटेत रांगेवर हल्ला झाला होता आणि मामाचा टँकर पेटला होता. डिझेलचं मामीला तेव्हा कळलं. मला आधीच ठाऊक होतं, हे तिनं माझ्या तोंडावरनं ओळखलं.

पेटी आली ती उघडायची नव्हती. अंगणात त्रिसरण-पंचशील झालं. माणसं पेटी उचलायला वाकली, तशी मामी घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिनं ओट्यावर ठेवला, पेटीपाशी बसली आणि म्हणाली, “अवो, एकदा जातो म्हना की.”