खलात कुटलेली कॅप्सूल

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी साडेसातला रायपूरच्या बूढापाऱ्यात आईबाबांच्या घरी आईला रक्ताची उलटी झाली. पोटातल्या अल्सरवर तिचं औषध सुरू होतं. रोज औषध घेऊनही रक्त कसं गेलं, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांना कळेना. औषधं घेऊन या, म्हणाले.

मी घरी जाऊन बघितलं तर कॅप्सूलच्या स्ट्रिपा रिकाम्या होत्या. देवघरात पितळी खल होता, तळाशी पांढरी भुकटी.

रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा काही वर्षांपासून एका सत्संगाला जातात. घरातला कांदा-लसूण तेव्हाच सुटला. तिथे त्यांना कोणी सांगितलं, की कॅप्सूलचं टरफल जनावराच्या हाडापासून बनतं, ते पोटात गेलं की चेतना खाली उतरते. म्हणून ते टरफल फेकायचे, आतले दाणे कुटायचे, मधात कालवून, वर तुळशीचं पान ठेवून देवाला नैवेद्य दाखवायचे आणि मग आईला द्यायचे. दाण्यांवरचा लेप औषधाला पोटातल्या आम्लापासून वाचवतो. कुटलं की औषध वाया. डॉक्टरांनी मला हे दोनदा समजावलं. मी बाबांना वॉर्डाबाहेर गाठलं.

"एक दाणा फेकला नाही मी," ते म्हणाले. "फक्त हाड काढलं."

"डॉक्टरले काहून नाही विचारलं?"

"डॉक्टर तर अंडं खा म्हणते."

"आईले तरी विचारायचं."

"तिले काय विचारायचं? प्रसाद होता तो. मंत्रालयात चार फायली सरकवते, आता देवाले शिकवशील काय, पोट्टी?"

तुळशीचं पान तोडण्याआधी बाबा हात जोडून तुळशीची परवानगी घेतात.

सत्संग चालवणाऱ्या बाईंना फोन केला. "कूटने को हमने थोड़ी बोला था, दीदी," त्या म्हणाल्या. "वैसे भाव शुद्ध हो तो नुकसान नहीं होता." मी फोन ठेवला.

आईला सगळं माहीत होतं. "लय कडू लागे," ती म्हणाली. "पण प्रसादाले नाही कसं म्हणू?" मला तिचाही राग आला. तिला रक्त चढत होतं.

पाचव्या दिवशी आईला दवाखान्यातून सुट्टी मिळाली. बाबा दाराशी ऑटो घेऊन उभे होते. आई माझ्या गाडीत बसली. दुसऱ्या दिवशी नवा रायपूरच्या माझ्या क्वार्टरमध्ये, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, तिनं कॅप्सूल पाण्याबरोबर अख्खी गिळली.