पंचाक्षरीअप्पांचे ऐंशी मैल

उमापुरात पंचाक्षरीअप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानात मालापेक्षा मोटारसायकलच जास्त दिसायची. रेसची विलायती गाडी. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादचा कुणी शौकीन गाशा गुंडाळताना ती अप्पांच्या वडलांना चार पोती तुरीवर देऊन गेला होता. सीट एकच, आवाज पिठाच्या गिरणीचा. अप्पा तिच्यावरून साबणाची पेटीसुद्धा आणत नसत. रोज पुसायचे आणि गिऱ्हाइकाला गोऱ्या लोकांचे जुने विक्रम सांगायचे. पावशेर साखर हवी तर एक विक्रम ऐकावाच लागे.

त्र्याण्णवच्या सुमारास गावात रंगीत टीव्ही आले, हिरो होंडा आल्या आणि मल्लम्माकाकूंच्या, म्हणजे अप्पांच्या बायकोच्या डोक्यात थंडाच्या बाटल्यांचा फ्रीज आला. कंपनी तो फुकट ठेवायला तयार होती. पण दुकानात जागा तेवढी एकच, आणि ती गाडीनं अडवलेली. पुण्याचा एक जुन्या गाड्यांचा नादिष्ट तर ती न्यायला टपूनच बसला होता.

"तीस वर्सं सांगायलात, ही ऐंशी मैलानं पळती," काकू म्हणाल्या. "एकदा पळवून दावा. पळली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर फ्रीज."

अप्पांनी एका फाटक्या मासिकातलं चित्र काढलं. त्यात एक अमेरिकन नुसत्या पोहायच्या चड्डीवर गाडीवर पालथा पडला होता. वारा अडू नये म्हणून कपडे काढून त्यानं म्हणे विक्रम केला होता. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी साठीचे अप्पा पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर गावाबाहेरच्या सरळ सडकेवर हजर. निम्मं गाव लोटलं, पण गाडी बघायला कुणी आलं नव्हतं.

पालथं पडताना अडचण निघाली. अप्पा लिंगायत, छातीवर चांदीच्या डबीत इष्टलिंग. देव पोटाखाली दाबून कसं झोपायचं? अप्पांनी दोरा फिरवून डबी पाठीवर घेतली आणि सुटले. आम्ही हसायला गेलो होतो, ते हसायचं विसरलो. गाडी दिसली म्हणेपर्यंत नुसता धुरळा उरला.

परत आले ते मात्र हळू, एका हातानं गाडी सांभाळत. डावी मूठ पोटाशी घट्ट. वाऱ्यानं दोरा तुटला होता आणि डबी अंगावरून पडता पडता त्यांनी वेग सोडून ती पकडली होती.

आता गाडीवरचा काटा अप्पांशिवाय कुणाला दिसणार? जन्मभर खड्यांची डाळ निवडलेली म्हणून खपवलेला माणूस. ऐंशी काय, शंभर सांगितले असते तरी चाललं असतं.

"किती गेली?" काकूंनी विचारलं.

अप्पांनी मूठ उघडली. रोज पूजेला लिंग त्याच तळहातावर असायचं.

"अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. "तेवढ्यात दोरा तुटला."

कुणी हसलं नाही. मला फार वाईट वाटलं. माणूस आयुष्यात एकदा खरं बोलला, तेही चड्डीवर उभा राहून.

त्याच आठवड्यात टेम्पो आला आणि गाडी पुण्याला गेली. फ्रीज त्याच जागेवर बसला. अप्पा त्याच्याकडे पाठ करून गल्ल्यावर बसायला लागले. काकूंनी पहिली गार बाटली त्यांच्यापुढे ठेवली. मी तिथं उभा होतो, पण काकूंना त्याचं काही नव्हतं.

"ऐंशी म्हनायला काय झालतं?" त्या म्हणाल्या. "म्या कुटं काटा बघायला आलते?"