वावरातलं एकटं झाड

आज रविवार. दुपारी सव्वादोनला मी आयर्लंडच्या एका खेड्यात, वावराच्या फाटकाशी एकटाच उभा होतो. चार महिने झाले, इथल्या शहरात हॉटेलची भांडी घासतो. सुट्टी होती म्हणून बसने फिरायला आलो.

हिरव्या वावराच्या मधोमध एकच काटेरी झाड होतं. गावी, धानोऱ्याला असलेल्या आईला दाखवावं म्हणून आत गेलो आणि व्हिडिओ कॉल लावला.

आई म्हणाली, "एकटं झाड राखलं हाय म्हणजे देवाचंच असन. बूट काढ आधी!"

मी काढले. तेवढ्यात मागून म्हातारा शेतकरी आला, हातात काठी. न विचारता शिरलो होतो. याने पोलीस बोलावले तर नोकरी जाईल. मोडक्या इंग्रजीत माफी मागितली आणि अनवाणी का आहे तेही सांगितलं.

त्याने काठीने झाड दाखवलं. म्हणाला, "माझ्या बापाने याला कधी नांगर लागू दिला नाही. मीही नाही. माझी पोरं हसतात मला."

फोनमधून आई ओरडली, "रागावला काय रे तो?"

"नाई माय. ते भी मानते झाडाले."

"मंग इचार ना त्यायले, भाऊ, जेवले का म्हणून!"

मी विचारलं. तो जेवला नव्हता. एकटाच राहतो. मला घरी नेलं, उकडलेले बटाटे आणि लोणी वाढलं.

गाववाल्यांनो, तुमच्या वावरात राखलेलं झाड असेल तर फोटो टाका. या म्हाताऱ्याच्या हसणाऱ्या पोरांना दाखवायचे आहेत.