दगडाखालची रेती

मीठ विकत आणून त्याचं समुद्राचं पाणी करणारी सून आपल्या घरात आली आहे, हे माझ्या सासऱ्यांना बरेच दिवस खरंच वाटेना. पेणच्या खारेपाटातला माणूस. दारासमोर खाडी, डाव्या अंगाला मिठागरं, आणि सगळा जन्म एकाच कामात गेलेला: खारं पाणी शेतात शिरू द्यायचं नाही. आणि इथे रोह्यात, दुसऱ्या मजल्यावर, मी बादलीत पाकिटातलं मीठ ढवळत बसलेली.

"काय गो, कंपनीचं काम घरी आनलंस?"

"नाही बाबा, हौस आहे."

"खाऱ्या पान्याची हौस!" असं म्हणून ते खुर्ची ओढून बसले ते बसलेच.

मी कंपनीच्या लॅबमध्ये. दिवसभर पाणी मोजायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा पाणीच मोजायचं, हे खूळ मला पनवेलच्या एका मैत्रिणीमुळे लागलं. तिच्या घरी समुद्राच्या पाण्याची टाकी पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. नवरा म्हणाला, मत्स्यालयच हवं तर गोड्या पाण्याचं कर, चार गप्पी सोड, मोकळी हो. पण मला मासे नकोच होते. मला दगड हवे होते. त्या टाकीतला एकेक दगड म्हणजे वस्ती होती नुसती. एका भोकातून काहीतरी मिशा हलवतंय, दुसऱ्यातून पंख्यासारखं काही उघडतंय नि मिटतंय. हे कोण, खातं काय, राहतं कसं? मला रात्रंदिवस तेच.

तीन फुटांची टाकी आली. भोकाभोकांचे कोरडे दगड आले. पंधरा दिवस हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून मी ते रचत होते. कमान करायची, खाली गुहा ठेवायची, मागून पाणी खेळतं राहील अशी जागा सोडायची. हा दगड त्यावर बसवावा तर तो घसरतो, तो बसवावा तर हा. शेवटी पुट्टी लावून कमान जुळवली. मग टाकीत आधी पांढरी शुभ्र रेती पसरली आणि तिच्यावर अलगद कमान ठेवली. काय दिसत होती म्हणून सांगू!

"रेतीवर ठेवतेस?" बाबांनी विचारलं.

"छान दिसतं ना."

"खालती घट्ट लागलं पायजे गो."

"बाबा, हा काही बांध नाही तुमचा!"

बोलून गेले आणि जीभ चावली. आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नसे.

खाडीचं पाणी अडवणाऱ्या गावच्या खारबांधाला दगड लावावा तर बाबांनी, असं गावात मानत. दर अमावास्या-पौर्णिमेला, उधाणाआधी, ते बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे, काठीने दगड ठोकून बघायचे, कुठे भोक दिसलं की चिखल भरायचे. एका वर्षी पितृपक्षातल्या अमावास्येला दुपारी ते असेच चालून आले आणि लोकांना म्हणाले, ठीक हाय, निजा. त्याच उधाणाला बांध फुटला. खाडीचं पाणी दाणे भरत आलेल्या भातात शिरलं. खांड मोठी पडली, ती पुन्हा बांधली गेलीच नाही. त्या शेतांत आज खारफुटीची तिवरं उभी आहेत.

गावातल्या एकानेही त्यांना तोंडावर बोल लावला नाही. तेच वाईट झालं. लावला असता तर बाबा भांडले तरी असते. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले. कधी बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि नवऱ्याला विचारायचे, "कुठनं शिरलं रे पानी? माज्या नजरेतून काय सुटलं?" आणि गावचं कोणी भेटायला आलं की बाबा उठून आतल्या खोलीत जायचे. गावातच राहणारा त्यांचा चुलतभाऊ महिन्यातून एकदा रविवारी तांदूळ घेऊन जवळच्या कासूहून गाडीने यायचा. त्याच्याही समोर ते येत नसत. दाराआडूनच "बरा हायस ना?" इतकंच. दगडाला तर त्यांनी नंतर हात म्हणून लावला नव्हता. माझ्या कमानीलाही नाही.

पनवेलच्या मैत्रिणीने आपल्या टाकीतला एक जिवंत दगड मला दिला, म्हणजे ज्याच्या भोकांत आधीच जीव राहायला आहेत असा. विरजण म्हणून. तो मी कमानीच्या पायाशी ठेवला. आठ दिवसांनी बाबा म्हणाले, "तुज्या दगडात चिंबोरी हाय."

"कुठे?"

"दिसनार नाय. तुज्या दिव्यात ती कशाला येल?"

मला खोटंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तेव्हा बाबांनी दुपारी टाकीचा दिवा बंद करवला, पडदे ओढायला लावले आणि मला शेजारी बसवलं. अर्ध्या तासाने दगडाखालून खरंच आली बाई! नखाएवढी खेकडी. दोन्ही नांग्यांत रेती धरून, मागे मागे सरकत बाहेर यायची, ओतायची, पुन्हा आत. कंत्राट घेतल्यासारखी. मी बोंबलाचा तुकडा काडीला लावून पुढे केला, तर तो ओढून घेऊन आत पसार!

मग रोज संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की माझा पहिला प्रश्न तोच: आज काय केलं तिने? आणि जो माणूस दिवसाला चार वाक्यं बोलत नसे, तो मला दुपारभराची हकिगत सांगायचा. आज डाव्या बाजूनं आत गेली. आज ढीग वाढला. आज बाहेर आलीच नाय, पन आत काम चालूच हाय, काचेला कान लाव. मी खरोखर काचेला कान लावायची.

महिना झाला असेल. एका सकाळी मी खारेपणा मोजायला टाकीवर वाकले, कमानीवरून नजर फिरवली आणि सवयीने बोलले, "ठीक आहे सगळं."

मागे बाबा उभे होते.

संध्याकाळी घरी आले तर टाकीजवळ स्टूल मांडलेलं. "वर चढ," बाबा म्हणाले.

"अहो, पर्स तरी ठेवू द्या."

"चढ आधी. वरून बघ. काय दिसतंय?"

"दगड."

"हलला कुठं?"

"नाही."

"रेती?"

"आहे की जागच्या जागी."

"आता उतर. इथं बस, माज्या बाजूला."

मी जमिनीवर बसले आणि बाजूच्या काचेतून पाहिलं. कर्म माझं! कमानीच्या डाव्या पायाखाली काही नव्हतंच. मूठ मावेल एवढं पोकळ, वर पापुद्र्यासारखी रेती, आणि आत चिंबोरी आरामात बसलेली. बोट लावून पाहिलं तर अख्खी कमान डुगडुगली. कोसळली असती तर सरळ पुढच्या काचेवर.

बाबांनी त्या पोकळीवर काचेबाहेरून बोट ठेवलं.

"मीबी वरूनच चाललो व्हतो गो," ते म्हणाले.

मला रडू आलं. "बांधाला काच नसते हो, बाबा."

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

मी रागारागाने बाही वर सारली, आत्ताच्या आत्ता सगळं उपसते म्हटलं. तर त्यांनी मला अडवलं. "रविवारपर्यंत ऱ्हाऊ दे."

"आणि पडली म्हणजे?"

"टेकू लाव. पन ऱ्हाऊ दे."

मी प्लास्टिकच्या नळीचा तुकडा कापून कमानीखाली टेकू दिला आणि चार दिवस जीव मुठीत धरून वावरले. दगड पुढे बाबांनीच लावले. सगळी रेती बाजूला करून, खालची काच लागेपर्यंत. प्रत्येक दगड तीन ठिकाणी टेकतोय ना, हे हाताने हलवून बघत. आणि रेती सगळ्यात शेवटी, भोवताली. ती कमान अजून उभी आहे. चिंबोरीला वेगळी बरणी मिळाली. पण हे सगळं रविवारनंतर.

रविवारी सकाळी बेल वाजली. मी सवयीने उठले, तर बाबा आधीच दारात पोचले होते. चुलतभाऊ खांद्यावर तांदळाची पिशवी घेऊन उभा, आणि समोर बाबांना पाहून पिशवी खाली ठेवायचीच विसरला. तो चपला काढतोय न काढतोय तोच बाबांनी त्याचा हात धरला, टाकीपर्यंत ओढत आणलं आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"चढ," ते म्हणाले. "आधी वरून बघ."