शेवटचा शब्द बसूचा

ऐका की रे, मधे कुणी बोलू नका. दुपार आहे, जेवणं झालीयत, आणि दिग्या धोटा घरात चटईवर उताणा पडलाय. संध्याकाळी त्याचा शो आहे. झोप येत नाही आणि जागही धड राहत नाही, असं चाललंय. डोळे मिटले की प्रीतम मगदूमचा चेहरा दिसतो, मग रागानं डोळे उघडतात. उघडले की वर पंखा दिसतो, खट् खट् खट् करणारा, आणि परत मिटतात.

दिग्या धोटा म्हणजे एमसी धोटा, अरे आपलाच, दिगंबर कोष्टी. आपण नाक पुसत फिरत होतो तेव्हा हा माणूस इचलकरंजीत मराठीतनं रॅप करत होता. गणपतीच्या मांडवात पहिल्यांदा केलं तेव्हा म्हाताऱ्यांनी विचारलं होतं, हे गाणं आहे का भांडण? मागावर धोटा पळतो ना, धागा घेऊन इकडून तिकडं, एका जागी म्हणून ठरत नाही, तशी त्याची जीभ पळायची, म्हणून धोटा. आणि मग दोनेक वर्षांमागं आवाजच गेला. स्वरयंत्रावर गाठ आली, ऑपरेशन झालं, आणि जे काय उरलं ते पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. फोन केला की समोरचा म्हणतो, तुमच्याकडं रेंज नाही वाटतं.

तर आज तो परत स्टेजवर जाणार. प्रीतम मगदूम, तो कार्यक्रमवाला, त्यानं सगळं जमवलंय. पोस्टर लागलीयत, तिकिटं गेलीयत. पण कसं जमवलंय, तर जुन्या गाण्यांतनं दिग्याचा आवाज उपसून कॉम्प्युटरला पाजलाय. आता कॉम्प्युटर गाणार आणि दिग्यानं माइक धरून नाचायचं. "तू नुसतं ओठ हलीव, दादा. आवाज तुझाच हाय, फक्त तब्येतीनं बरा." नाही म्हणावं तर परत कोण बोलावणार? हो म्हणावं तर आरशात कुठल्या तोंडानं बघायचं? महिन्यामागंच दिग्या हो म्हणून बसलाय, आणि तेव्हापासून दात खातोय.

खट् खट् खट्. पंख्याचा आवाज रुंद होत जातो. एका पंख्याचे दहा होतात, दहाचे शंभर, आणि छत उंच सरकतं, पत्र्याचं होतं, आणि दिग्या मागाच्या शेडमध्ये उभा आहे. मोठी शेड, टोक दिसत नाही एवढी. सगळे माग चालू आहेत, धोटे पळतायत, कापड गुंडाळलं जातंय. आणि आता आवाज बंद. एकदम बंद. इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला विचारा, चालू माग आणि आवाज नाही, याच्यासारखी भीती नाही.

दोन मागांच्या मधल्या बोळात बसू उभा आहे.

बसू म्हणजे बसवराज हुक्केरी, दिग्याचा जोडीदार, स्टेजवरचाही आणि मागावरच्या पाळीतलाही. वारून बरीच वर्षं झाली. काविळीनं गेला. तोच पोपटी शर्ट आहे, अंग तसंच हळद लावल्यासारखं, आणि गळ्यात काविळीची माळ. बारक्या काड्यांची बांधतात ती. कावीळ उतरेल तशी माळ लांब होत जाते म्हणतात. बसूची माळ आता गुडघ्याच्या खाली लोंबतीय.

आता बघा, एवढ्या वर्षांनी दोस्त दिसला की माणसानं काय करावं? मिठी मारावी, रडावं. दिग्याच्या मात्र टाळूपर्यंत संताप चढतो.

"काविळीनं मरतं का रे कोण, बस्या? दवाखाना समोर होता! रस्ता ओलांडायचा होता नुसता! आणि तू माळ घालून बसलास!"

स्वप्नात तरी जुना आवाज मिळावा की नाही? नाही. तोच पत्र्यावरचा खिळा.

बसू जागचा हलत नाही. "माझं मरण सोड. तू माझं शब्द खाल्लंस, त्यावर बोल."

"कसलं शब्द?"

"मलाच इचारतोयस व्हय रं? लाज काढून खुंटीला लावलीस का काय?"

आता हे शब्दांचं काय ते सांगतो, नाहीतर तुमच्या टाळक्यात शिरायचं नाही. शेडमध्ये काय ऐकू येत नाही ना, तर तिथं बोलायची एक रीत असते. एकजण ओरडून सांगतो, आणि त्याचा शेवटचा शब्द समोरचा ओरडतो. म्हणजे कळतं, पोचलं. ह्या दोघांनी तीच रीत उचलून रॅपमध्ये घातली. दिग्या ओळ घेऊन सुसाट येणार, शेवटच्या शब्दाच्या अलीकडं गप्प होणार, आणि तो शब्द बसू फेकणार, शेड हलेल असा. म्हणजे असं:

माग चालतोय पोटासाठी, कापड चाललंय — *लांब!*
भोंगा म्हणतो ऊठ लेका, झोप म्हणते — *थांब!*

लोकांना वाटायचं काय स्टाइल आहे! स्टाइल होतीच, पण बसूच्या त्या एका शब्दात दिग्याचा श्वास होता. तो ओरडणार तेवढ्यात हा छाती भरून घेणार आणि पुढची ओळ उचलणार. बसू गेल्यावर दुसरा कुणी घेतला नाही दिग्यानं. बरेच आले विचारायला, हाकलून दिले. सगळे शब्द स्वतःच म्हणायला लागला. ओळही त्याची, शेवटही त्याचा, आणि श्वास? श्वास नाहीच. वर्षानुवर्षं तसंच. गाठ काय आकाशातनं पडली नाही, बाबांनो.

"आ कर," बसू म्हणतो.

दिग्या खुर्चीत बसलाय. डॉक्टरची ती खुर्ची, मागं कलणारी. भिंतीवर कानाचं मोठं चित्र आहे, आणि खिडकीबाहेर धोटे पळतायत. बसूच्या कपाळाला तो गोल आरसा बांधलाय, शर्ट पोपटीच.

"तू डॉक्टर कधी झालास?"

"मेल्यावर येळच येळ असतोय. आ कर म्हणतो न्हवं?"

दिग्या आ करतो. बसू वाकतो, डोळा बारीक करून आत बघतो. बराच वेळ बघतो. त्याची माळ दिग्याच्या मांडीवर पडते, गार लागते. मग तो ताठ उभा राहतो, आणि त्याचा पिवळा चेहरा रागानं काळा पडत जातो.

"कोण म्हणालं गाठ हाय म्हणून? गाठबीठ काय न्हाई. माझं शब्द हायत हे! सगळं! लांब हाय, थांब हाय, त्या यात्रेच्या गाण्यातलं समदं हाय. एकावर एक कोंबून ठेवलंयस, दिग्या. गिळताबी येईना, थुकताबी येईना. कुणाला इचारून घेतलंस?"

"कुणाला विचारू?" दिग्या खुर्चीतनं उठतोच. "कुणाला? तू तर आडवा झालेलास! पुढच्या आठवड्यात सांगलीला शो होता आपला, आठवतंय? मी एकटा उभा राहिलो. पहिलीच ओळ म्हटली आणि शेवटाला आलो, आणि तिथं कुणीच नव्हतं. भोक पडलं होतं नुसतं. पाचशे माणसं त्या भोकातनं माझ्याकडं बघत होती. काय करायला पाहिजे होतं मी?"

"काय न्हाई. मोकळं सोडायचं."

"मोकळं सोडलं असतं तर कळलं असतं सगळ्यांना!"

"काय कळलं असतं?"

"तू न्हाईस ते!"

खोलीत आवाज घुमतो. कानाचं चित्र भिंतीवरनं खाली घसरतं.

"मग कळू दे की!" बसू त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो. "मेलोय मी, चोरी केली न्हाई! तू मला मरूबी दिलं न्हाईस धड. स्वतःच ओळ म्हणतोस, स्वतःच बसू होतोस. मग मी कोण? आणि आता ऐकतोय त्ये खरं हाय का? माझाबी आवाज काढलाय म्हणं त्या मगदूमनं?"

दिग्या खाली बघतो. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. प्रीतम म्हणाला होता, दादा, बसूदादाचा पण आवाज बनवतो, अचानक वाजवू, पब्लिक रडंल बघ. आणि दिग्या त्यालाही हो म्हणाला होता.

"तोंड उचल. खरं हाय का?"

"हाय."

"म्हंजे तू ओठ हलवणार, आणि मी मेल्यावर तुझ्या मागनं ओरडणार. दोन भुतं. चांगलाय की कार्यक्रम! नारळ फोडा!"

आता दिग्याचा पारा असा चढतो की तो बसूची कॉलरच धरतो. बसू पण त्याची धरतो. दोघं एकमेकांना ढकलत, शिव्या देत, पाय ओढत जातायत, आणि पायाखाली लाकडी फळ्या वाजायला लागतात. नाट्यगृहाचं स्टेज आहे. संध्याकाळचंच. खुर्च्या भरल्यात, पण माणसांच्या जागी सूत गुंडाळलेले पांढरे कोन बसलेत, रांगेनं, गप्प. प्रीतमचा कॉम्प्युटर कोपऱ्यात लाल दिवा लावून तयार आहे.

"म्हण," बसू म्हणतो आणि कॉलर सोडतो.

"आवाज कुठाय माझा?"

"हाय तेवढ्यात म्हण. पत्रा तर पत्रा. आपण काय कधी लताबाईंच्या क्लासला गेलो न्हवतो."

दिग्या माइक तोंडाजवळ नेतो. राग आहे, हसूही येतंय, आणि डोळ्यांत पाणी आलंय त्याचा आणखी राग आहे. तो म्हणतो. खरखरीत, फाटका आवाज, पण ओळ चालते. माग चालतोय पोटासाठी, कापड चाललंय... शेवट येतो. आणि सवय ती सवय, तो 'लांब' म्हणायला जीभ टाळूला टेकवतो, आणि मागनं बसूचा तळवा त्याच्या पाठीवर असा बसतो की सगळी शेड, सगळं नाट्यगृह, सगळे कोन हादरतात.

"माझा हाय त्यो!"

दिग्या चटईवर उठून बसलाय. खोकतोय, डोळ्यांतनं पाणी, तोंड उघडं. पंखा चालू आहे. स्वयंपाकघरातनं सुवर्णा, त्याची बायको, हातात चहाचं गाळणं घेऊन पळत येते.

"काय झालं? कुणावर ओरडत होतासा? डॉक्टरनी ओरडू नका म्हणून सांगितलंय न्हवं?"

"पाठ," दिग्या म्हणतो. "पाठ भाजतीय. बघ जरा."

ती सदरा वर करते. आणि वाकून बघते. दिग्या मान वळवून बघायला जातो, दिसत नाही.

"अगं काय आहे?"

"कोण आलं होतं घरात?"

"कोण नाही. का?"

सुवर्णा त्याच्या पाठीवर बरोब्बर दोन खांद्यांच्या मधोमध आपला हात ठेवते. ठेवते आणि लगेच काढते. "पाच बोटं उठलीयत. लालभडक. आणि माझ्या हातापेक्षा मोठा हात हाय. कुणाशी मारामारी केलासा झोपेत?"

 दिग्या स्वतःचा हात मागं नेतो, वरनं, खालनं, पोचत नाही. मग फोन उचलतो. प्रीतम पलीकडनं सुरूच होतो, दादा, गाडी पाठवतोय, जाकीट घालून ये. दिग्या त्याला बोलू देत नाही.

"कॉम्प्युटर नको. दोन्ही आवाज पुसून टाक. बसूचा आधी."

"दादा, डोकं ठिकाणावर हाय का? लोकांनी तिकिटं काढलीयत! काय ऐकवणार त्यांना?"

"हाय ते. नको असंल तर पोस्टरवरनं माझं थोबाड फाड. पण बसूचा आवाज वाजला स्टेजवर, तर तुझं मशीन तुझ्याच डोक्यात घालीन."

फोन ठेवतो. सुवर्णा बामची बाटली घेऊन येते, तो हातानंच नको म्हणतो. भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. घसा साफ करतो, साफ होत नाही, तसाच सुरू करतो, "भोंगा म्हणतो ऊठ लेका, झोप म्हणते..."

आणि तोंड मिटतो. शब्द नाही म्हणत. घरात पंख्याशिवाय कसला आवाज नाही. त्या मोकळ्या जागेत दिग्या धोटा नाकानं, पोटापासून, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पुरा श्वास आत घेतो, आणि छाती फुगते तशी पाठीवरची ती पाच बोटं ताणली जातात, चरचरतात.